वाचक विचारतात : ल्युपसमध्ये शरीर चुकीचा इशारा का देतं?

मागच्या अंकात ल्युपसवर (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) थोडी माहिती दिली होती, त्यानंतर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधून पत्रं आणि मेसेज यायला लागले. बऱ्याच जणींनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत आणि विचारलंय की हे इंटरफेरॉन, आयएल-६ वगैरे काय आहे, डॉक्टर पटकन बोलून जातात आणि बाहेर आलं की काही लक्षात राहत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच देत नाही, फक्त गाव. आणि हे वाचून कुणीही मनानेच गोळी बंद किंवा चालू करू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा, विचारा, मग ठरवा.

प्रश्न : माझं वय ३१. सहा महिने सांधे दुखत होते, तोंडात फोड यायचे, केस गळायला लागले, मग गालांवर लाल चट्टा आला. मुंबईला दाखवलं तर ल्युपस निघाला. डॉक्टर म्हणाले शरीरात इंटरफेरॉन जास्त बनतंय. घरी सगळे म्हणतात की माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात, शिवाय शेजारच्या काकूंनी एक इम्युनिटीची पावडर आणून दिलीय. प्रतिकारशक्ती नक्की कमी आहे की जास्त? (देवगड)

ताई, काढा आणि पावडर आजपासून बंद करा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की इतके दिवस घेत होते, म्हणजे ते लिव्हरची तपासणी करतील. कारण शेवटी सांगतो.

आपल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या छोट्या छोट्या प्रथिनांमधून, त्यांना सायटोकाइन्स म्हणतात. एक पेशी प्रथिन सोडते, दुसरीच्या अंगावर त्यासाठीची जागा असते तिथे ते जाऊन बसतं आणि मग ती दुसरी पेशी कामाला लागते. इंटरफेरॉन हे त्यातलंच एक (आयएल-६ हे दुसरं), किंवा खरं तर एक कुटुंबच आहे त्यांचं. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी ते शोधलं, कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूचा निकामी केलेला विषाणू घातला तर त्या पेशी असं काहीतरी बाहेर सोडतात की ज्याने बाकीच्या पेशी विषाणूला दाद देत नाहीत. म्हणजे विषाणू आला की सगळ्यांना सावध करणं हे इंटरफेरॉनचं मूळ काम, आणि ते फार गरजेचं काम आहे.

तुम्ही देवगडच्या, त्यामुळे हे लगेच कळेल. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या परत येतात, जाळी आवरली जातात, सगळं बंदर वेगळ्याच कामाला लागतं, आणि वादळ गेलं की बावटा उतरतो. ल्युपसमध्ये वादळ नसतानाच बावटा लागतो आणि मग तो उतरतच नाही.

आता असं का होतं? आपल्या पेशी रोज मरतात, त्यांच्यातला डीएनए, आरएनए शरीर गुपचूप साफ करून टाकतं. ल्युपसमध्ये ही सफाई नीट होत नाही, वर आपल्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात (तुमच्या रिपोर्टमध्ये अँटी-डीएसडीएनए लिहिलंय ते हेच) आणि त्या अँटिबॉडी या कचऱ्याला चिकटून त्याचे गठ्ठे करतात. रक्तात प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात, संख्येने अगदी थोड्या, पण इंटरफेरॉन बनवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्या हा गठ्ठा गिळतात, आतमध्ये डीएनए-आरएनए दिसलं की त्यांना वाटतं विषाणूच आला, आणि इंटरफेरॉनचा मारा सुरू होतो. त्या इंटरफेरॉनमुळे दुसरं एक प्रथिन वाढतं, बॅफ नावाचं, ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना जगवतं, मग अँटिबॉडी अजून वाढतात, गठ्ठे अजून वाढतात, आणि हे चक्र आपलं आपणच फिरत राहतं.

हा नुसता अंदाज नाहीये. १९७९ मध्येच ल्युपसच्या पेशंटच्या रक्तात इंटरफेरॉन जास्त सापडलं होतं. पुढे १९९० च्या सुमारास स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एक केस लिहिली, एका बाईला ट्यूमरसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत होते आणि तिला चक्क ल्युपस झाला. मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या टीमनी पेशंटच्या रक्तपेशींमधली हजारो जीन्स एकदम तपासली तर इंटरफेरॉनच्या हुकमावर चालणारी जीन्स जोरात चालू असलेली दिसली. मोठ्या माणसांत निम्म्याहून बऱ्याच जास्त पेशंटमध्ये हे दिसतं, लहान मुलांत तर जवळपास सगळ्यांमध्ये.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तुमची प्रतिकारशक्ती नको तिथे जास्त झालीय, आणि तिला अजून चेतवणारं काहीही घेणं म्हणजे आगीत तेल. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, आणि त्या इजेची तऱ्हा ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखी होती. गुळवेल झाडावरून काढलीय, घरची आहे, म्हणून निर्धोक, असं ल्युपसच्या पेशंटने तरी समजू नये. मोड आलेल्या अल्फाल्फाचे (लसूणघासाचे) सलाड आणि त्याच्या गोळ्यासुद्धा टाळायच्या, त्याने ल्युपस उसळतो हे माहीत आहे. बाकी घरचं जेवण, मासे, भात, कुळथाचं पिठलं, काहीही बंद करायची गरज नाही, सूज आणि बीपी असेल तर फक्त मीठ कमी करा, खारं आणि सुकं मासं बेताने.

प्रश्न : बायकोला दोन वर्षं ल्युपस आहे. रिपोर्ट बरे आहेत असं डॉक्टर सांगतात, पण ती सकाळी उठतानाच दमलेली असते. भांडी घासली की बसावं लागतं. माझी आई म्हणते, "हिका कायएक झालेला नाय, नुसती सोंगा करता." मी मध्ये अडकलोय. खरंच रिपोर्ट चांगले असताना इतका थकवा असू शकतो का? (कणकवली)

असू शकतो, आणि असतो. ल्युपसच्या पेशंटना सगळ्यात जास्त त्रास कशाचा असं विचारलं तर सांध्यांच्या आधी थकव्याचं नाव घेणाऱ्या खूप जणी आहेत.

हा प्रश्न तुम्ही आईंना वाचून दाखवा, पुढचं मी त्यांच्यासाठीच लिहितोय. आई, काही वर्षांपूर्वीपर्यंत हिपॅटायटिस सी म्हणून जी काविळीची जात आहे तिच्यावर इंटरफेरॉनचीच इंजेक्शनं देत असत, आठवड्याला एक, महिनोन् महिने. चांगले धडधाकट काम करणारे लोक, पण इंजेक्शन सुरू झालं की थंडी-ताप, अंग मोडून येणं, तोंडाची चव जाणं, काही करावंसं न वाटणं, डोळ्यात पाणी येणं, काहींना तर एवढं डिप्रेशन यायचं की औषध थांबवावं लागायचं. कोर्स संपला की हळूहळू माणूस पूर्ववत व्हायचा. ते सोंग कुणी करत नव्हतं, बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनने ते होत होतं. तुमच्या सुनेच्या अंगात तेच प्रथिन आतल्या आत तयार होतंय आणि त्याचा कोर्स संपत नाहीये. आपल्याला मोठा ताप येतो तेव्हा कसं कुणी हाक मारली तरी उठवत नाही, ते सायटोकाइन्समुळेच असतं, आजारात माणसाने पडून राहावं अशी शरीराची रीतच आहे. तिला ते रोज होतं आणि तरी ती भांडी घासायला उठते, हे बघा ना.

आता तुमच्यासाठी. सगळा थकवा इंटरफेरॉनवर ढकलून गप्प बसू नका, कारण त्यात इलाज करता येण्यासारख्याही गोष्टी असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, ल्युपसवाल्या उन्हात जात नाहीत त्यामुळे ड कमी असणं फार कॉमन. झोप लागते का, स्टिरॉइड संध्याकाळी घेते का (शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं असतं, नाहीतर झोप उडते), मन खचलंय का, हे विचारा. आणि एक गोष्ट ऐकायला उलटी वाटेल पण अभ्यासातून दिसलेली आहे, थोडा थोडा नियमित व्यायाम या थकव्याला मदत करतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघांनी मिळून दहा-पंधरा मिनिटं चाला, बरं वाटलं तर वाढवा. एखाद्या चांगल्या दिवशी सगळं घर आवरून काढायचं आणि मग तीन दिवस झोपून राहायचं, हे मात्र टाळा, कामं दिवसांवर वाटून घ्या आणि त्यातली काही तुम्ही घ्या.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आमचं घर मच्छीमारांचं. सुट्टीत आईबरोबर बोंबील, जवळा वाळत घालायला किनाऱ्यावर असते. मागच्या मे महिन्यात असंच दोन दिवस उन्हात काम केलं आणि आठवड्याने चेहरा लाल, गुडघे सुजले, ताप. उन्हाने त्वचा भाजते हे ठीक, पण गुडघे कसे सुजतात? आणि पावसाळ्यात पण क्रीम लावायची का? आणि हा आजार मुलींनाच का होतो? (हर्णै)

किती चांगला प्रश्न विचारलास गुडघ्यांचा, बहुतेक लोक विचारतच नाहीत.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात आणि त्यांचं आतलं डीएनए-आरएनए बाहेर पडतं. वर देवगडच्या ताईंना सांगितलं तो कचरा हाच. शिवाय ल्युपसमध्ये त्वचेच्या पेशी स्वतःसुद्धा इंटरफेरॉन बनवत असतात, कप्पा नावाचा एक प्रकार, आणि गंमत म्हणजे चट्टा नसलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही तो जास्त सापडतो. मग काय, ऊन लागलं की त्वचेतून सुरू झालेला निरोप रक्तात जातो आणि रक्त सगळीकडे जातं, गुडघ्यात, किडनीत. म्हणून उन्हाचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो आणि लोकांना कळतच नाही की याचा संबंध त्या उन्हाशी होता. तू जोडून बघितलंस, हुशार आहेस.

किनाऱ्यावर ऊन वरून येतं तसं वाळूवरून आणि पाण्यावरूनही उलटून येतं, त्यामुळे नुसती टोपी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा जाड विणीचा शर्ट, ओढणी तोंडाभोवती, आणि सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, जमलं तर ५०, दर दोन तासांनी परत, कारण घामाने ती जातेच. कान, मानेची मागची बाजू, हातांच्या पाठी विसरतात सगळे. वाळत घालायचं काम सकाळी लवकर आणि गोळा करायचं संध्याकाळी, सकाळी दहा ते चारमध्ये तू सावलीत, असं आईशी बोलून ठरव. आणि हो, पावसाळ्यातही लावायची, ढगातून अतिनील किरण बरेचसे खाली येतात.

मुलींचं म्हणशील तर दहातल्या नऊ पेशंट बायका असतात, बहुतेक १५ ते ४५ वयातल्या. हार्मोन्सचा भाग आहेच, पण एक कारण आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. आरएनए ओळखणारा एक सेन्सर आहे, टीएलआर-७, तो चेतला की इंटरफेरॉन बनतं. त्याचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं. बायकांना दोन एक्स, त्यातला एक पेशी बंद करून ठेवते, पण टीएलआर-७ काही पेशींमध्ये बंद केलेल्या एक्सवरूनही चालू राहतं, म्हणजे डोस जास्त. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत या एकाच जीनमधला एक बदल सापडला, तो बदल उंदरांत घातला तर उंदरांनाही ल्युपससारखा आजार झाला.

आणि तुला सुरू केलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी नेमकी इथेच काम करते. पेशीच्या आत ज्या आंबट पिशव्यांत हे सेन्सर बसलेले असतात तिथे ती जाऊन साठते आणि सेन्सर पेटूच देत नाही. मूळची मलेरियाची गोळी, म्हणून गावात कुणी म्हणेल की तुला मलेरिया कुठे आहे, बंद कर. करू नकोस. परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात, पण ती आजार उसळणं कमी करते, किडनीचं रक्षण करते. डोळ्यांची भीती सगळे घालतात, तर डोस वजनाच्या हिशेबात ठेवायचा, किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनी कमजोर असेल तर लवकर. एवढं केलं की घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : कोविडच्या वेळी आयएल-६ तपासत होते. आता लॅबवाले "सायटोकाइन पॅनेल" करून देतो म्हणतात, ल्युपससाठी करावं का? (पनवेल)

नको. ल्युपसमध्ये त्या आकड्यावरून आज कुठलंही औषध ठरत नाही. इंटरफेरॉन रक्तात इतकं सूक्ष्म असतं की नेहमीच्या लॅबमध्ये ते नीट मोजताही येत नाही, संशोधक म्हणूनच त्याच्या हुकमावर चालणारी जीन्स मोजतात. तेच पैसे लघवीतलं प्रोटीन, सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), सी३-सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची दोन प्रथिनं) आणि अँटी-डीएसडीएनएवर घाला. लघवीची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची, किडनीला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी करायचीच.

प्रश्न : आमची भातशेती आहे. गेल्या पावसाळ्यात लावणीनंतर आठवड्याने बहिणीला ताप आला, प्लेटलेट ९० हजार. गावातले डॉक्टर म्हणाले डेंगी किंवा लेप्टो असेल, तिचे नेहमीचे डॉक्टर फोनवर म्हणाले ल्युपस उसळला असेल, सीआरपी करून पाठवा. सीआरपी खूप वाढलेला निघाला, मग त्यांनीच सांगितलं इन्फेक्शन बघा, आणि लेप्टो निघाला. आता बरी आहे. पण एका सीआरपीवरून त्यांना कसं कळलं? यंदा काय काळजी घ्यायची? (संगमेश्वर)

कोकणातल्या प्रत्येक ल्युपस पेशंटच्या घरात हा प्रश्न येतो, म्हणून याला जागा जास्त देतोय.

अडचण अशी की जुलै-ऑगस्टचा ताप आणि ल्युपसचा ताप वरून सारखाच दिसतो. ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, लघवीत प्रोटीन, हे डेंगीत होतं, लेप्टोत होतं, ल्युपसमध्येही होतं. आणि उपाय एकदम उलटे, ल्युपस उसळला असेल तर स्टिरॉइड वाढवायचं, इन्फेक्शन असेल तर त्याच वाढवलेल्या स्टिरॉइडने इन्फेक्शन फोफावतं.

इथे सायटोकाइन्स उपयोगी पडतात, त्या कशा ते बघा. सीआरपी हे प्रथिन लिव्हर बनवतं, मुख्यतः आयएल-६ ने सांगितल्यावर. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं की आयएल-६ वाढतं, सीआरपी भराभर चढतो. ल्युपसमध्येही आयएल-६ वाढलेलं असतं, म्हणजे सीआरपी चढायला हवा, पण तिथे इंटरफेरॉन आडवं येतं, ते लिव्हरला सीआरपी बनवूच देत नाही. म्हणून ल्युपस उसळला की ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी) भरपूर वाढतो आणि सीआरपी मात्र नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेला, अशी जोडी पुष्कळदा दिसते. तुमच्या बहिणीचा सीआरपी खूप वाढलेला दिसला तेव्हा डॉक्टरांना शंका आली की हे ल्युपसचं एकट्याचं काम नाही. लेप्टो हा चिखल-पाण्यातून येणाऱ्या बॅक्टेरियाचाच आजार आहे.

पण याचा कुणी घरच्या घरी नियम करू नका, कारण त्याला अपवाद आहेत. ल्युपसमध्ये फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, किंवा सांधे जोरात सुजले, तर सीआरपी वाढू शकतो. आणि डेंगीसारख्या व्हायरसच्या तापात तो फारसा वाढतही नाही. म्हणून डॉक्टर सोबत सी३-सी४ बघतात, ल्युपस उसळला की ते बहुतेकदा खाली जातात, अँटी-डीएसडीएनए बघतात, लघवीत लाल पेशी बघतात, डेंगीची एनएस१ आणि लेप्टोची टेस्ट करतात. हे सगळं मिळून चित्र तयार होतं.

यंदासाठी सांगतो. स्टिरॉइड किंवा मायकोफेनोलेट, अ‍ॅझाथायोप्रिन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर शक्यतो लावणीला चिखलात उतरूच नये, हे स्पष्ट सांगतो, घरच्यांनी तिच्या वाटणीचं काम वाटून घ्यावं. उतरावंच लागलं तर गमबूट, पायाला चीर, भेगा, जखम असेल तर अजिबात नाही, घरी आल्यावर साबणाने पाय धुणे. लेप्टोच्या भागात आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिन देतात, ती घ्यायची का हे तिच्या डॉक्टरांना आधी विचारा, त्या गोळीने उन्हाची संवेदना वाढते म्हणजे ल्युपसवाल्यांना दुहेरी जपावं लागतं, आणि गरोदरपणात ती चालत नाही. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य "हिला ल्युपस आहे" हे असू दे, कारण सल्फाच्या गोळ्यांनी काहींचा ल्युपस उसळतो.

आणि तापात घरचे लोक घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतात, तसं करू नका. स्टिरॉइड अचानक बंद केलं तर बीपी कोसळू शकतं, जिवावर बेतू शकतं. मायकोफेनोलेटसारखी औषधं काही दिवस थांबवायची का ते डॉक्टर सांगतील, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बहुधा चालूच राहते. ताप १०० च्या वर गेला की त्याच दिवशी दाखवा, स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला असतो म्हणून कमी तापालाही किंमत द्या. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, डोळ्यांत पिवळेपणा, श्वास लागणं, यातलं काही दिसलं तर सरळ मोठ्या हॉस्पिटलला.

प्रश्न : माझ्या मावशीला आमवात आहे, टीएनएफचं इंजेक्शन घेऊन ती बोटं वळवायला लागली. मला ल्युपस, माझेही सांधेच दुखतात, मग मला ते का देत नाहीत? नवीन कुठली इंजेक्शनं आहेत म्हणे, ती कशी आहेत? (सावंतवाडी)

दुखणं सारखं असलं तरी आतले निरोप वेगळे आहेत. आमवातात टीएनएफ नावाचं सायटोकाइन हे मुख्य त्रासदायक, ते अडवलं की सांधा शांत होतो. ल्युपसमध्ये मुख्य त्रास इंटरफेरॉनचा, आणि टीएनएफ हे इंटरफेरॉनला थोडं दाबून धरणारं प्रथिन आहे, म्हणजे टीएनएफ अडवलं तर इंटरफेरॉनला रान मोकळं. आमवाताच्या काही पेशंटमध्ये या इंजेक्शनांनंतर एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी) पॉझिटिव्ह होतो, आणि क्वचित ल्युपससारखा आजारही होतो, औषध थांबवल्यावर बहुधा जातो. मावशीचं औषध मावशीलाच ठीक आहे.

ल्युपससाठीची दोन नावं लक्षात ठेवा. बेलिमुमॅब, हे बॅफ या प्रथिनाला धरतं, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, त्याआधी ल्युपससाठी तिथे नवीन औषध मंजूर झालं होतं ते १९५५ मध्ये, मधली इतकी वर्षं पेशंट जुन्याच औषधांवर होते. दुसरं अनिफ्रोलुमॅब, २०२१ चं. याच्या मागची गोष्ट शिकण्यासारखी आहे. आधी नुसत्या इंटरफेरॉन-अल्फाला पकडणारी औषधं करून बघितली, परिणाम जेमतेम. कारण पहिल्या प्रकारची इंटरफेरॉनं बरीच आहेत, अल्फाचेच डझनभर उपप्रकार, शिवाय बीटा, कप्पा. पण ही सगळी पेशीवरच्या एकाच रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसतात, म्हणून अनिफ्रोलुमॅब तो रिसेप्टरच झाकतं. त्वचा आणि सांध्यांना चांगला फायदा दिसतो आणि स्टिरॉइड कमी करता येतं. तरीही दोन मोठ्या ट्रायलपैकी एकीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नव्हतं, दुसरीत गाठलं, तेव्हा सगळ्यांनाच लागू पडेल असं समजू नका. इंटरफेरॉन अडवलं की विषाणू सोकावतात, नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून आधी नागिणीची निर्जीव लस घेता येईल का ते विचारा. जिवंत लसी अशा औषधांवर असताना घ्यायच्या नाहीत. आणि आपल्याकडे अशी औषधं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

खर्चाचा विचार करून मन खट्टू करून घेऊ नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नियमित आणि स्टिरॉइड कमीत कमी, दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली, एवढ्यावर चांगल्या राहणाऱ्या खूप जणी आहेत. नवीन इंजेक्शन हे त्याच्यावर घालायचं असतं, त्याच्याऐवजी नाही.

प्रश्न : साधा एएनए पॉझिटिव्ह आलाय, १:८०, बाकी काही त्रास नाही. ल्युपस आहे का? (चिपळूण)

नाही म्हणायला हरकत नाही. १:८० ला साधारण दहातल्या एका निरोगी माणसाचाही एएनए पॉझिटिव्ह येतो. सांधे सुजणं, उन्हाने चट्टे, तोंडात फोड, फेसाळ लघवी असं काही झालं तर दाखवा, नाहीतर तीच टेस्ट पुन्हा पुन्हा करत बसू नका.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली. ल्युपस वर्षभर शांत आहे. सासरचे म्हणतात आधी सगळ्या गोळ्या बंद कर, मग मुलाचा विचार. मला अँटी-रो पॉझिटिव्ह आहे. (अलिबाग)

आजार सहा महिने तरी शांत असावा असं म्हणतात, तुमचा वर्षभर आहे, म्हणजे चांगली वेळ आहे. पण सगळ्या गोळ्या बंद करणं ही सगळ्यात वाईट सुरुवात होईल, गरोदरपणात आजार उसळला तर आई आणि बाळ दोघांना धोका.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवायची, पूर्ण नऊ महिने आणि अंगावर पाजतानाही. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड यातलं काही चालू असेल तर ते दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या, त्याजागी अ‍ॅझाथायोप्रिन चालतं. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, बीपीचा त्रास टाळायला.

अँटी-रो ही अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाते, आणि १०० पैकी साधारण दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यात अडथळा येऊ शकतो. म्हणजे ९८ जणींच्या बाळांना हा त्रास होत नाही, हे सासूबाईंना सांगा. साधारण १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची इको ठराविक अंतराने करतात. आधीच्या बाळाला असा ब्लॉक झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास असते, आणि २०२० मधल्या एका अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतलेल्या आयांमध्ये ती ७ टक्क्यांच्या जवळपास आली. म्हणजे घरचे जी गोळी बंद करायला सांगतायत तीच बाळालाही जपते. संधिवाताचे डॉक्टर आणि प्रसूतीचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या, प्रसूती जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा ठिकाणी ठरवा, आणि पहिल्या भेटीला नवऱ्याबरोबर सासूबाईंनाही घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बरंच सोपं होतं.